ड्रमवाल्याच्या नावाची रेकॉर्ड

उकंडा मुनेश्वर आयुष्यभर दुसऱ्याचं नाव पोटावर बांधून चालला. यात कुणाचा दोष नाही, बँडची रीतच तशी आहे. ड्रमचा पट्टा गळ्यात अडकवला की ड्रम पोटावर येतो, आणि त्या ड्रमच्या अंगावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं : 'मास्टर नेमसिंग बँड पार्टी, दिग्रस'. नेमसिंग ट्रंपेट वाजवायचा. बँडमध्ये तोंडानं वाजवणारा पुढे चालतो आणि हातानं बडवणारा मागे. पुढच्याला लोक मास्टर म्हणतात. मागच्याला 'ओ ड्रमवाले' म्हणतात, आणि तेही गाडीला जागा करून द्यायची असली तरच.

काम मात्र मागच्याचं जास्त. ट्रंपेटवाला मधूनमधून ओठ पुसायला थांबतो, पाणी पितो, गच्चीवरच्या बायकांकडे बघून मिशीवर हात फिरवतो. ड्रमवाल्यानं हात थांबवला की वरात थांबते. मे महिन्याच्या उन्हात, डांबर चपलेला चिकटत असताना, बसस्टँडपासून मंगल कार्यालयापर्यंत हात न थांबवता चालायचं म्हणजे काय असतं हे ज्यानं केलं त्यालाच कळतं. उकंडाच्या डाव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ कायमचा पडला होता. तिथे केसही उगवत नसत.

मागे राहण्याचं त्याला वाईट वाटत नसे असं नाही. पण वाईट वाटून घेण्यापेक्षा खोड्या काढणं त्याला जास्त जमायचं. नेमसिंगला एक सवय होती. गाणं संपत आलं की तो डोळे मिटून एक लांबच लांब सूर धरायचा, लोकांनी टाळ्या वाजवेपर्यंत. उकंडा नेमका त्याच वेळी समेचा ठोका आधीच देऊन टाकायचा. क्लॅरनेटवाला थांबे, भोंगेवाला थांबे, आणि भर चौकात मास्टर एकटाच टिटवीसारखा ओरडत उरायचा. डोळे उघडले की सगळे त्याच्याकडे बघत असत.

"उकंड्या, एक दिवस तुले नाल्यात ढकलतो बघ," नेमसिंग म्हणायचा.

"ढकला ना मास्टर," उकंडा म्हणायचा. "पण आधी ड्रम काढून घ्या. त्याच्यावर नाव तुमचं हाय."

दोघांचा हा संसार तीसएक वर्षं चालला. नेमसिंग तांड्यावरचा, बंजारा समाजाचा, अंगानं उंच, मानी. उकंडा भीमनगरातला, ठेंगणा, काटक, चेहऱ्यावर सदा काहीतरी लपवल्याचा भाव. एकमेकांच्या घरच्या लग्नात दोघांनीही फुकट वाजवलं होतं आणि नंतर महिनाभर एकमेकांच्या वाजवण्याला नावं ठेवली होती.

त्यांचा कायमचा वाद एकच होता : वरात हलवतं कोण? दिग्रसकडची वरात म्हणजे चिखलातला गाडा. नवरदेवाचे मित्र एका जागी नाचायला लागले की हलत नाहीत. मुहूर्त टळायला येतो, मुलीचा बाप रुमालानं मान पुसत उभा असतो. अशा वेळी तो बाप हळूच उकंडाकडे बघायचा, आणि उकंडा ताल बदलायचा. फार नाही, जरासा. पाय जिथे उचलला तिथेच टेकायला जावा आणि ठोका दोन बोटं पुढे पडावा, असा. नाचणाऱ्याला वाटतं आपण जागेवरच नाचतोय, पण तो सरकत असतो. पाहता पाहता वरात चौक ओलांडायची. बँडवाले या तालाला 'ढकल' म्हणत. नेमसिंगचं म्हणणं, लोक आपल्या ट्रंपेटमागे येतात. उकंडाचं म्हणणं, गाडा ओढणाऱ्या बैलाला शेपटाकडचा माणूस दिसत नसतो.

मग डीजे आले. गाडीवर भिंतीएवढे डबे आणि पुढे दिवे. बँडला कामं उरली ती हळदीची, गणपतीची आणि हट्टी म्हाताऱ्यांच्या घरची. असंच एका लग्नात डीजेच्या गाडीचं जनरेटर बसलं आणि शोभेसाठी आणलेल्या बँडला वाजवावं लागलं. नवरदेवाचा मामा तेव्हा असा काही आडवातिडवा नाचला की कुठल्या तालात बसेना. उकंडानं ताल सोडून दिला आणि मामाच वाजवायला घेतला. मामा झुकला की ड्रम झुकायचा, मामा अडखळला की ड्रम अडखळायचा, मामानं हात वर केले की उकंडा गप्प. लोक हसून हसून भिंतीला टेकले.

त्या गर्दीत श्रेयस होता. कोर्टातून रिटायर झालेल्या वामनरावांचा मुलगा. पुण्याच्या कंपनीचं काम दिग्रसच्या घरी बसून करायचा, आणि रिकाम्या वेळात गाणी रेकॉर्ड करण्याचा त्याला नाद होता. माडीवर त्यानं माईक, मशीन, वायरी असा पसारा मांडला होता. दुसऱ्या दिवशी तो उकंडाचं घर शोधत भीमनगरात आला. उकंडाची बायको कौसल्या दारात तांदूळ निवडत होती. तिला वाटलं हा नळाची मोजणी करायला आला, म्हणून तिनं आधीच सांगून टाकलं की आमच्या नळाला पाणी येत नाही.

श्रेयसनं उकंडाला माडीवर नेलं आणि एक रेकॉर्ड ऐकवली. अमेरिकेतली, साठएक वर्षांपूर्वीची, जॅझ म्हणतात त्या प्रकारची. आधी त्यानं उकंडाच्या हातात तिचं कव्हर दिलं. कव्हरवर एक काळा माणूस ड्रममागे बसला होता, ऐटीत, आणि त्याच्या पाठीमागे ट्रंपेटवाले वगैरे उभे होते.

"हा समोर बसला तो कोण?" उकंडानं विचारलं.

"ड्रमर. रेकॉर्ड त्याची आहे, काका."

"अन् बाजेवाला?"

"तो मागे उभा आहे."

उकंडानं कव्हर खिडकीजवळ नेलं. वर इंग्रजीत मोठं नाव होतं. ते कुणाचं, असं त्यानं विचारलं. ड्रमरचंच, असं श्रेयसनं सांगितलं. थोड्या वेळानं उकंडानं तेच परत विचारलं. उत्तर बदललं नव्हतं.

मग त्यानं रेकॉर्ड ऐकली. श्रेयसला वाटत होतं समजावून सांगावं लागेल : धून फक्त सुरुवातीला आणि शेवटी वाजते, मधे जो तो आपल्या मनानं वाजवतो, आणि ड्रम नुसता ताल धरून बसत नाही, तो मधे बोलतो, टोकतो, वाजवणाऱ्याला भलत्या वाटेला नेतो. पण उकंडा ऐकता ऐकता गालातल्या गालात हसायला लागला होता. एका ठिकाणी ट्रंपेट लांब सूर धरून होता आणि ड्रमवाल्यानं खालून जमीनच काढून घेतली, तेव्हा त्यानं मांडीवर थाप मारली. हा माणूस आपल्या जातकुळीचा आहे, एवढं त्याला कळलं. त्यांच्याकडेही कुणीतरी नेमसिंग असणार.

त्या दिवसापासून उकंडाला एकच हवं झालं. आपली एक रेकॉर्ड निघावी आणि तिच्यावर सगळ्यांच्या वर आपलं नाव असावं. त्याच्या नावाचीही एक गोष्ट होती. आधीची दोन पोरं जगली नव्हती, म्हणून हा जन्मल्यावर आजीनं त्याला उकिरड्यावर टेकवून परत उचललं आणि उकंडा नाव ठेवलं. टाकलेलं पोर यमही उचलत नाही, असा तिचा हिशोब. घरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली होती, वडील असल्या गोष्टींवर चिडायचे, पण आजीपुढे त्यांचं चाललं नाही. शाळेत पोरांनी त्या नावावरून पुष्कळ पिडलं. आता तेच नाव कव्हरवर मोठ्या अक्षरांत टाकायचं, ही कल्पना उकंडाला फार चावट वाटली आणि म्हणून फार आवडली.

अडचण एकच होती. ही रेकॉर्ड नेमसिंगच्या ट्रंपेटशिवाय होणार नव्हती. पुसदपासून पांढरकवड्यापर्यंत तसा वाजवणारा दुसरा नाही, हे उकंडाला पक्कं ठाऊक होतं. नेमसिंगला त्यानं हे कधीच सांगितलं नव्हतं.

त्यानं नेमसिंगला निरोप दिला की श्रेयसकडे रेकॉर्डिंग आहे. नेमसिंगनं गृहीत धरलं, आपलं. त्यानं मिशीला काळं लावलं आणि बँडचा सोनेरी गोंड्याचा कोट इस्त्री करून घेतला. उकंडा खोटं बोलला नाही, फक्त गप्प बसला. गप्प बसायलाही मेहनत लागते. त्याच्यासारख्याला तर फारच.

पहिली बैठक माडीवर झाली. नेमसिंग, उकंडा, क्लॅरनेटवाला अमर आणि मोठा भोंगा वाजवणारा इंद्रजित. श्रेयसनं भिंतींना गाद्या लावल्या, सगळ्यांना खुर्च्या दिल्या, हलू नका म्हणून सांगितलं. त्यांनी सुरू केलं आणि सगळं नासलं. ज्या माणसांनी हजार वराती वाजवल्या त्यांना एक साधी धून जमेना. ट्रंपेट पुढे पळायचा, भोंगा मागे रेंगाळायचा, ड्रम मधेच लोंबकळायचा. आणि सुरू झालेलं संपेना. वरातीत गाणं संपतं ते मांडव आला म्हणून. माडीवर मांडव कुठून येणार? श्रेयस हातानं खुणा करत राहिला, हे वाजवत राहिले. शेवटी वीज गेली तेव्हा थांबले.

काय बिघडलं याचा सगळ्यांनी विचार केला. नेमसिंग म्हणाला, ड्रम चुकतोय. उकंडा म्हणाला, कोट गरम होतोय. अमर हा कमी बोलणारा माणूस. तो क्लॅरनेट पुसत म्हणाला, "पाय बंद हायेत ना आपले."

तेच खरं होतं. यांपैकी कुणीही कधी बसून वाजवलं नव्हतं. श्वास कधी घ्यायचा, हात कधी उचलायचा, सगळं पावलांवर बांधलेलं. पाय काढून घेतल्यावर काय उरणार?

श्रेयसच्या मामाचं जिनिंग होतं गावाबाहेर. पोळा होऊन गेला होता, कापूस यायला वेळ होता, त्यामुळे गोडाऊन रिकामं पडलं होतं. तिथे चालायला जागा भरपूर. आणि इथेच उकंडानं डाव साधला. तो म्हणाला की सगळेच चालले तर माईक कुणाकुणामागे धावणार? एकानं मधे बसावं. आणि त्यानं आधीच तयारी करून ठेवली होती. मोठा ढोल जमिनीवर आडवा, त्याला पायानं ठोका द्यायला बिजागरीची फळी आणि चिंध्या गुंडाळलेला दांडका. बाजूला दोरीला टांगलेली झांज. पुढे नेमसिंगचं नाव लिहिलेला ड्रम. हे सगळं जुळवायला त्याला आठ दिवस लागले होते. फळीची स्प्रिंग त्यानं तीनदा बदलली होती, कारण पाय उचलला की फळी लगेच उठली पाहिजे, नाहीतर ठोका चिकट येतो. बसण्याचा सरावही त्यानं घरी केला होता, रोज, कौसल्या झोपमोड झाली म्हणून शिव्या देईपर्यंत. म्हणजे त्याचे पाय बंद नव्हते. बसूनही ते कामाला लागलेले होते.

नेमसिंगला काहीतरी खटकलं. तो म्हणाला, मी उभा राहतो, फिरायचं ते या दोघांनी फिरावं. उकंडानं मान डोलावली. अमर आणि इंद्रजित त्याच्याभोवती गोल फिरत वाजवू लागले. नेमसिंग खांबासारखा उभा. उकंडानं जरा वेळ साधं वाजवलं आणि मग ढकल सुरू केली.

तीस वर्षं ज्या तालावर माणूस चालला तो ताल कानात पडल्यावर त्याचे पाय त्याला विचारत नाहीत. नेमसिंगचा आधी एक अंगठा हलला. मग टाच. मग गोंड्याचा कोट हळूच निघाला आणि अमरच्या मागे गोलात लागला. त्याला स्वतःला ते आधी कळलंही नसावं, कारण तो डोळे मिटून वाजवत होता, आणि काय वाजवत होता! गोडाऊनच्या पत्र्याखाली तो सूर फिरत गेला, लांब गेला की विहिरीतून आल्यासारखा आणि जवळ आला की कानात शिरल्यासारखा. थोड्याच वेळात त्याच्या ध्यानात आलं की दारापाशी एक माईक आहे आणि तिथून आवाज चांगला जातो. तो दर फेरीला तिथे पाय ओढत रेंगाळू लागला. उकंडा त्याला ठोक्यांनी पुढे रेटायचा. तो रेटला जाता जाता आणखी एक हरकत घेऊन ठेवायचा. चावटपणाला चावटपणा मिळाला होता. मशीनवर वाकलेल्या श्रेयसला आनंदानं काय करावं सुचेना.

अशा चार चीजा झाल्या. त्यांची नावंही त्यांनी ठेवली : 'मामा नाचून राह्यला', 'जनरेटर बसलं', 'पुलावर पाणी'. एकच खोट होती. एकाही चिजेला शेवट नव्हता. कुणीतरी दमलं की ती विरून जायची.

मग एका दुपारी कौसल्या चहा घेऊन आली. तिनं दारातून पाहिलं. नवरा मधे खुर्चीवर बसलेला, आणि गोंड्याचा कोट घातलेला मास्टर त्याच्याभोवती फिरतोय. ती मनात काही ठेवणारी बाई नव्हती.

"अवं माय," ती म्हणाली, "मास्टर तं घाण्याच्या बैलावानी यायच्याभोवती फिरून राह्यले."

नेमसिंगचा ट्रंपेट थांबला. त्यानं डोळे उघडले. आपण कुठे आहोत, उकंडा कुठे आहे, आणि आपल्या बुटांनी धुळीत केवढी गोल वाट पाडली आहे, हे त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्यानं श्रेयसला विचारलं की ही रेकॉर्ड कुणाच्या नावानं निघणार आहे. श्रेयस सरळ मनाचा. त्यानं सांगून टाकलं, उकंडाकाकांच्या. तुम्हाला माहीत नव्हतं का?

 नेमसिंगनं ट्रंपेट पेटीत ठेवला, पेटीची कडी लावली. मग उकंडासमोर येऊन त्यानं ड्रम उचलला.

"हा माहा हाय," तो म्हणाला. "नाव वाच."

आणि मोटारसायकलवर ड्रम पुढ्यात घेऊन तो निघून गेला. कौसल्या चहाचे कप हातात धरून उभी राहिली. आपण काय केलं हे तिला कळलं, पण खरं बोलल्याबद्दल माफी कशी मागतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं नेमसिंगच्या वाटचा चहा इंद्रजितला दिला.

आता उकंडाकडे ना ट्रंपेट होता ना ड्रम. अर्धी रेकॉर्ड होती आणि तिला शेपूट नव्हतं. श्रेयस म्हणाला, जेवढं झालं तेवढंच काढू. उकंडानं ऐकलं नाही. अर्धं काम त्याला जमत नसे. अर्धी खोदलेली विहीर फक्त पडायच्या कामाची, असं तो म्हणायचा.

दोन दिवस जाऊ देऊन तो तांड्यावर गेला. नेमसिंग बाजेवर बसला होता. त्याची बायको रुपीबाई आत भाकरी थापत होती. उकंडा न बोलावता बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"सांगतलं काहून नाही?" नेमसिंगनं विचारलं.

"सांगतलं असतं तं तुम्ही आले असते का?"

"नसतोच आलो."

"म्हणूनच नाही सांगतलं."

रुपीबाई आतून गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, नवऱ्याला काहीतरी म्हणाली. उकंडाला शब्द कळले नाहीत, पण दोघांनाही एकाच वेळी हाणल्याचं कळलं.

नेमसिंग बराच वेळ कुरकुरला. ड्रमवाल्याच्या मागे ट्रंपेट लागला असं पुसदला कळलं तर तोंड कुठे दाखवू? मधे बसणारा मास्टर असतो, फिरणारा गडी असतो. येतो मी, पण मधे मी बसीन आणि तू ड्रम घेऊन फिरशील. आणि नाव माझं लागेल.

उकंडानं डोकं खाजवलं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो लपवल्याचा भाव परत आला होता. तो म्हणाला, कबूल. मधे तुम्हीच बसा. एक चीज बसून पूर्ण वाजवा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. बसून राहिलात तर रेकॉर्ड तुमच्या नावाची. खुर्ची सोडली तर माझ्या.

"बसण्यात काय जोर लागते बे?" नेमसिंग हसला.

बसणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्यानं कधी बसून काम केलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सगळे गोडाऊनवर जमले. रुपीबाईही आली, निकाल बघायला. कौसल्या तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं तोंडाला पदर लावून घेतला, उगाच काही निघून जाऊ नये म्हणून. नेमसिंग खुर्चीत बसला. मागच्या वेळी आपले पाय आपल्याला न विचारता निघाले होते, हे त्याच्या लक्षात होतं. त्यानं दोन्ही पाय खुर्चीच्या पुढच्या पायांना वेढे घालून अडकवले. नेमसिंगनं परत आणलेल्या ड्रमचा पट्टा उकंडानं खांद्यावर घेतला, त्याच्या वळात बरोबर बसवला आणि चालू लागला.

सुरुवातीला उकंडाला वाटलं, सोपं जाणार. त्यानं ढकल दिली. नेमसिंगचे गुडघे थरथरले, खुर्ची चिरकली, पण वेढे सुटले नाहीत. उकंडा त्याच्या पाठीमागे गेला आणि एकदम थांबला. ड्रम बंद. पाठीमागे गप्प झालेला उकंडा नेमसिंगला कधी सहन झाला नव्हता. त्याची मान वळली, सूर वाकडा झाला, पण त्या वाकड्या सुरातूनच त्यानं अशी काही फिरत काढली की अमर वाजवायचं विसरून बघत राहिला. राग, मान, तीस वर्षांच्या चौकातल्या फजित्या, सगळं तो त्या पितळेत फुंकत होता. त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. बसून वाजवायला त्याला चालण्याच्या दुप्पट मेहनत पडत होती आणि तो ती करत होता. मेहनत असली की उकंडाला ती दिसायचीच. त्याच्या मनात आलं, हा जिंकतोय. जिंकायला पाहिजेच असा वाजवतोय.

आणि उकंडाचं वय झालं होतं. पायात गोळे येऊ लागले. पट्टा खांद्यात रुतला. बसायची सवय त्यानं नवी केली होती, तिनं चालायची जुनी सवय थोडी खाल्ली होती. आणखी चार फेऱ्यांत तोच खाली बसला असता.

तेव्हा त्यानं ढकल सोडली. वरातीत मांडव दिसला की ड्रमवाला ताल आखडतो, मग मोकळा सोडतो, मग तीन घाव असे देतो की आतल्या बायका आरतीचं ताट घेऊन धावत येतात. त्या तीन घावांवर मास्टरनं ट्रंपेट उंच धरून एकट्यानं पुढे व्हायचं असतं. तो त्याचा मान. मुहूर्त टळो, पाऊस येवो, भांडण लागो, तीन घाव पडले की नेमसिंग मांडवाच्या कमानीखाली उभा असायचाच.

उकंडानं ताल आखडला. मोकळा सोडला. मग तीन घाव दिले.

नेमसिंग उठला. वेढे कसे सुटले ते त्यालाच माहीत. कोट सावरला, ट्रंपेट पत्र्याकडे उचलला आणि ताठ मानेनं गोडाऊनच्या मोठ्या दाराकडे निघाला. अमर आणि इंद्रजित आपोआप दोन बाजूंना झाले. आणि त्यांच्या मागे, बरोब्बर आपल्या जागेवर, उकंडा. दारात पोचल्यावर नेमसिंगनं तो लांब सूर धरला. या वेळी उकंडानं ठोका आधी दिला नाही. सूर जितका लांब जायचा तितका जाऊ दिला, आणि तो पुरा झाल्यावर एकच ठोका टाकला. चीज संपली. त्यांच्या रेकॉर्डमधली पहिली चीज जिला शेवट होता.

रुपीबाईनं पदरानं डोळे टिपले. हसून की कशानं, ते कौसल्यानं विचारलं नाही.

नेमसिंगनं मागे वळून पाहिलं. खुर्ची गोडाऊनच्या मधोमध होती, आणि तो दारात होता. त्याला सगळं कळलं. पण मग त्यानं उकंडा कुठे उभा आहे तेही पाहिलं.

"मागंच आला ना बे शेवटी?"

उकंडानं आपल्या पायांकडे बघितलं. जिंकायच्या भरात त्याच्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्यानं पट्टा खांद्यावरून काढला आणि ड्रम खाली ठेवला. 

शब्द मात्र शब्द होता. नेमसिंग खुर्चीवर जाऊन परत बसला, आता बसायला हरकत नव्हती, आणि श्रेयसला म्हणाला, "टाक त्याचंच नाव. मोठं टाक. वाईट निघाली तं लोक शिव्या त्याले देतीन."

रेकॉर्ड निघाली. आता रेकॉर्ड म्हणजे ताटली नसते, ती फोनवर असते. श्रेयसच्या ओळखीच्या कुण्या मुंबईच्या माणसानं ऐकून लिहिलं की ट्रंपेटचा हा जवळ-दूर होणारा आवाज कुठल्या मशीननं केला? कौसल्याचं मत, पहिल्या चार चीजा सुरू झाल्यावर गाणं कधी येते याची वाट पाहता पाहता संपतात, पाचवीत मात्र गाणं आलं. दिग्रसमध्ये कुणी ऐकली, कुणी नाही. एका डीजेवाल्यानं शेवटचे तीन घाव कापून आपल्या गाण्याला जोडले. उकंडाला त्याचा रागही आला आणि ते तो सगळ्यांना सांगतही सुटला.

त्याआधी, ज्या दिवशी कव्हर तयार झालं त्या दिवशी श्रेयस ते दाखवायला बसस्टँडजवळच्या हॉटेलात आला. उकंडा आणि नेमसिंग पोह्यावर तर्री घेऊन बसले होते. श्रेयसनं फोन उकंडापुढे धरला. उकंडानं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा त्याच्या खिशातच होता. त्यानं तो काढला नाही.

"मले दिसून नाही राह्यलं," तो म्हणाला आणि फोन नेमसिंगच्या हातात दिला. "मास्टर, वाचा बरं काय लिवलं वरती."

नेमसिंगनं त्याच्याकडे बघितलं. मग फोनकडे.

"उकंडा मुनेश्वर," त्यानं वाचलं.

"अन् खाली?"

"खाली आमी. मास्टर नेमसिंग, अमर, इंद्रजित."

उकंडानं पोह्याचा एक घास घेतला. सावकाश चावला. मग कानामागे हात धरून पुढे वाकला.

"इथं लय कल्ला हाय मास्टर. वरचं परत वाचा ना. नीट आयकू नाही आलं."

हॉटेलात त्या वेळी यांच्याशिवाय कुणी नव्हतं. नेमसिंगनं ओठ पुसले, जसे तो सूर धरायच्या आधी पुसायचा तसे, आणि परत वाचलं. या खेपेला रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्यानं.